प्लेटलेट अठरा हजार आणि पिशवी न चढवलेला रुग्ण : सोलापुरातलं एक डेंग्यू प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. सोलापुरात गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंत तापाच्या वॉर्डात जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकाच रुग्णाच्या केसपेपरवर मांडलं आहे. रुग्णाचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. सलाइनचे वेग, डोस आणि मर्यादा मात्र उपचारात पाळल्या जातात त्याच आहेत.

रुग्ण पुरुष, वय २६, वजन ६० किलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. मजुरी आठवड्याला, त्यामुळे ताप अंगावर काढण्याकडे कल. रविवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर धरलेली. सोमवारी गल्लीतल्या दवाखान्यात कमरेत डायक्लोफेनॅकची सुई आणि पाच दिवसांची अँटिबायोटिक. मंगळवारी ताप तसाच म्हणून लॅबमध्ये रक्त दिलं: रॅपिड किटवर एनएस-१ (डेंग्यू विषाणूचं प्रथिन) पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख १२ हजार, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ४१. बुधवारी प्लेटलेट ६४ हजार, हिमॅटोक्रिट ४३.

सुरुवातीच्या दोन चुका इथेच नोंदवायला हव्यात, कारण त्या जवळपास प्रत्येक केसपेपरवर सापडतात. डेंग्यूच्या शंकेत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको. पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. प्लेटलेट उतरत असताना स्नायूत सुई टोचली तर तिथेच रक्त साकळू शकतं. तापाला पॅरासिटामॉल पुरतं, मोठ्या माणसाला दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. अँटिबायोटिकचा तर या विषाणूशी काही संबंधच नाही. पण ‘सुई नाही दिली तर डॉक्टर कसला’ ही समजूत दवाखान्याच्या पायरीवरच बसलेली असते, आणि नुसत्या पॅरासिटामॉलच्या चिठ्ठीसाठी तपासणी फी मागणं गल्लीतल्या डॉक्टरलाही अवघड जातं.

गुरुवारी सकाळी ताप उतरला आणि घरच्यांना हायसं वाटलं. दुपारी अहवाल आला: प्लेटलेट ३१ हजार. मोठा भाऊ रिक्षातून त्याला घेऊन रुग्णालयात पोचला तोवर रक्तपेढीचे दोन नंबर मोबाइलमध्ये घेऊनच आला होता.

“सर, एकतीसवर आलंय. पिशवी लावा की. पैशाचं आम्ही बघतो.”

“अण्णा, सकाळपासून उलटी किती वेळा झाली?”

“तीनदा झाली. पोट दुखतंय म्हणतोय. पण ताप उतरलाय की.”

प्रकरणाची गोम या एवढ्याशा बोलण्यात आहे. डेंग्यूत ताप उतरणं ही सुटका नसते. तापाच्या साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी, नेमका ताप उतरताना, केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी छातीत-पोटात झिरपू लागतं. हा काळ २४ ते ४८ तासांचा असतो. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या गळतीमुळे रक्ताभिसरण ढासळून आलेल्या शॉकने. मोठा रक्तस्राव होतो तोही बऱ्याचदा लांबलेल्या शॉकच्या मागोमाग. भावाचं लक्ष प्लेटलेटवर होतं. केसपेपरवर त्याहून वाईट बातमी दुसऱ्याच रकान्यात होती.

हिमॅटोक्रिट ४८. पाणी झिरपलं की रक्त घट्ट होतं आणि हा टक्का चढतो. मंगळवारी ४१ होतं, म्हणजे १७ टक्के वाढ. वीस टक्के झाली की गळती भरपूर आहे असं धरतात. हा उंबरठ्यावर होता. रक्तदाब १०४/८४. बाहेर नर्सने वहीत नुसतं ‘बीपी १०४’ लिहिलं होतं, आणि १०४ वाचून कुणीही पुढे गेलं असतं. पण वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक २० वर आलेला. २० किंवा त्याहून कमी म्हणजे शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब कसाबसा धरून आहे. नाडी ११२, हात गार. नख दाबून सोडलं तर पुन्हा गुलाबी व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत होता. माणूस मात्र नीट बोलत होता, म्हणून तर फसायला होतं. या अवस्थेतला रुग्ण कोसळायच्या अर्धा तास आधीपर्यंत नातेवाइकांशी गप्पा मारत असतो.

उपचार सुरू झाला तो रिंगर लॅक्टेट या साध्या सलाइनने. पहिल्या तासाला किलोमागे १० मिलिलिटर, म्हणजे ६०० मिलिलिटर. तासाने पुन्हा पाहिलं: दाब ११०/७८, नाडी ९८, हात कोमट, हिमॅटोक्रिट ४५. मग दोन तास किलोमागे ६, म्हणजे तासाला ३६०; पुढचे चार तास किलोमागे ४, तासाला २४०; त्यानंतर किलोमागे २, तासाला १२०. वेग प्रत्येक वेळी खाली आणायचा तो घड्याळ बघून नाही. नाडी, दाबातला फरक, लघवी आणि हिमॅटोक्रिट बघून. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर हवी, या माणसाला ३०. ती मोजायला बाटलीवर खुणा करून ठेवल्या होत्या. बाथरूमला जाऊन आला की भावाला ‘झाली का?’ विचारणं म्हणजे मोजणं नव्हे.

हिमॅटोक्रिटबद्दल थोडं थांबायला हवं. एकटा आकडा फसवा असतो, पहिल्याच्या तुलनेतच त्याला अर्थ येतो. विडी वळणाऱ्या बाईचं मुळात ३० असेल, सोलापुरात असं रक्त कमी असणं काही नवल नाही, तर तिचं ३६ झालं की लॅबच्या कागदावर ते जवळपास ‘नॉर्मल’ दिसतं, आणि गळती मात्र पूर्ण वीस टक्क्यांची झालेली असते. म्हणून पहिल्या तीन दिवसांतला एक तरी आकडा हाताशी असावा. दुसरं, आकडा उतरला म्हणजे सुधारणाच असं नाही. नाडी धावतेय, दाब ढासळतोय आणि हिमॅटोक्रिट खाली येतंय, तर आत कुठेतरी रक्त जातंय. तिथे सलाइन वाढवणं घातक, त्याला रक्तच द्यावं लागतं. आणि तिसरी, अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट: ज्या हातात सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं की सगळेच आकडे पातळ होतात. रात्रपाळीत हे होतं.

प्लेटलेटच्या आकड्याचंही तसंच. मशीन पेशी मोजतं ती आकारावरून. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात, मशीनला ते दिसतच नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. मोठ्या आकाराच्या प्लेटलेट लाल पेशींत मोजल्या जातात. आकडा एकदम पडला असेल तर काचपट्टीवर डोळ्यांनी बघायला सांगावं, पुंजके दिसले तर सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घ्यावा. सकाळी एका लॅबचा आणि संध्याकाळी दुसऱ्या लॅबचा अहवाल शेजारी ठेवून ‘आठ हजारांनी उतरलं’ म्हणण्यात काही राम नाही.

शुक्रवारी, सहाव्या दिवशी, प्लेटलेट १८ हजार.

हिमॅटोक्रिट ४२, दाबातला फरक ३६, लघवी भरपूर, हिरड्यांतून-नाकातून रक्त नाही, शौचाला काळं नाही, पायावर बारीक लाल ठिपके तेवढे. डॉक्टरच्या हिशेबाने रुग्ण कालच्यापेक्षा चांगला. घरच्यांच्या हिशेबाने तो हातचा चाललेला. संध्याकाळपर्यंत कॉरिडॉरमध्ये दहा-बारा माणसं जमली. कारखान्यातला एक तरुण प्लेटलेट द्यायला तयार होऊन आला, वहिनींनी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी किवी, कुणी शेळीचं दूध. पपईच्या पानांवर झालेल्या छोट्या चाचण्यांत आकडा थोडा लवकर वाढल्याचं दिसतं. रक्तस्राव किंवा मृत्यू कमी होतात असं त्यांतून सिद्ध होत नाही. उलट्या होणाऱ्या माणसाच्या गळी तो कडू रस उतरवण्यात मात्र नुकसान आहे. किवीचं तर हसू येतं. सांगोला-पंढरपूरकडे डाळिंबं पिकतात आणि आपण रुग्णासाठी परदेशी फळ शोधत हिंडतो.

पिशवीचा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. रँडम डोनर प्लेटलेटची, म्हणजे दात्याच्या नेहमीच्या रक्ताच्या पिशवीतून वेगळी काढलेली, एक पिशवी ५० ते ७० मिलिलिटरची, तिने मोठ्या माणसाचा आकडा पाच-दहा हजारांनी वाढणं अपेक्षित असतं. म्हणून त्या चार-सहा एकदम चढवतात. सिंगल डोनरची, म्हणजे एकाच दात्याला मशीनला तास-दीड तास जोडून काढलेली पिशवी २०० ते ३०० मिलिलिटरची. तिने तीस ते पन्नास हजार वाढावेत. २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ट्रेमध्ये ती पाच दिवस टिकते. हे सगळं निरोगी शरीराचं गणित. डेंग्यूत विषाणूमुळे अस्थिमज्जेत प्लेटलेट कमी तयार होतात आणि तयार झालेल्या रक्तात नष्ट होतात. बाहेरून आलेल्या प्लेटलेटची गतही तीच. काही तासांत आकडा पुन्हा होता तिथे येतो.

मग पिशवी चढवलेले इतके लोक बरे झालेले कसे दिसतात? सहाव्या दिवशी पिशवी लागते, सातव्या-आठव्या दिवशी आकडा चढतो. तो तसाही चढणारच असतो, कारण आजाराची चाल तशी आहे. वेळ अशी जुळते की श्रेय पिशवीला जातं, तिच्यासोबत पपईला आणि शेळीलाही. डॉक्टरच्या वीस वर्षांच्या अनुभवातून हा भ्रम फिटत नाही, उलट पक्का होतो. तो फिटायला दोन गट समोरासमोर ठेवावे लागतात. सिंगापूर आणि मलेशियात तसं केलं गेलं, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असलेले ३७२ प्रौढ रुग्ण; चिठ्ठी टाकावी तसे दोन गट; एकाला प्लेटलेट, दुसऱ्याला नेहमीचीच काळजी. रक्तस्राव पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के. हा फरक योगायोगाने पडू शकेल एवढाच. उपचाराचे दुष्परिणाम मात्र प्लेटलेट दिलेल्या गटात १३ आणि न दिलेल्यात २. त्यांत गंभीर ॲलर्जी होती, फुप्फुसात पाणी होणंही होतं.

आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रक्तस्राव नसताना १० हजारांच्या खाली गेल्यास प्लेटलेट देता येतात, असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांत आकडा कमी असला तरी रक्तस्राव सुरू नसेल तर देऊ नये, असा कल आहे. तोही ‘पुरावा तोकडा आहे’ हे कबूल करून. दोन्हींत अंतर आहे, पण १८ हजारांवर वाद उरत नाही. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आकडा ४० हजार असला तरी प्लेटलेट आणि रक्त दोन्ही तयार ठेवावं लागतं. म्हणून त्या तरुण दात्याला परत पाठवलं नाही. त्याचा गट तपासला, प्लेटलेट दीड लाखाच्या वर आहेत हे पाहिलं, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली नाही याची खात्री केली आणि नंबर लिहून ठेवला. ‘दाता तयार आहे, लागला तर बोलावू’ हे वाक्य कॉरिडॉरमध्ये ‘गरज नाही’पेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं. पुरावा नातेवाइकांना सांगायचा कसा, हाही उपचाराचाच भाग. डॉक्टर आणि संशोधक डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुराव्याधिष्ठित वैद्यकाची जी व्याख्या केली तिच्यात संशोधनासोबत डॉक्टरचं कसब आणि रुग्णाची इच्छा या दोन्ही गोष्टी आहेत. आपल्याकडच्या व्याख्यानांत पहिलीच तेवढी ऐकू येते.

भावाला समजावताना लॅन्सेट कामाचं नव्हतं. त्याच्या हाती कागद दिला, पाच रकान्यांचा: वेळ, वरचा-खालचा दाब आणि त्यातला फरक, लघवी, हिमॅटोक्रिट. प्लेटलेटचा रकाना मुद्दाम शेवटी, दिवसातून एकदाच भरायचा. “हा फरक पंचविसाच्या खाली आला तर मला झोपेतून उठवा. प्लेटलेट सकाळी बघू.” रात्रभर तो माणूस दर तासाला नर्सला आकडा विचारून लिहीत बसला. काळजीला काम मिळालं.

चूक झालीच, पण दुसरीकडे. गळतीचा काळ संपला की झिरपलेलं पाणी पुढच्या दोन-तीन दिवसांत आपोआप रक्तात परत येतं. त्या वेळी सलाइन चालूच राहिलं तर ते फुप्फुसात साठतं. शुक्रवारी रात्री अकराला संपलेल्या बाटलीच्या जागी नवी बाटली लागली, कारण सकाळच्या ऑर्डरमध्ये ‘तासाला १२०’ लिहिलं होतं आणि ‘कधीपर्यंत’ लिहिलं नव्हतं. दीडच्या सुमारास श्वास मिनिटाला २६, उजव्या कुशीवर झोपवेना. हिमॅटोक्रिट ३९, दाब छान, लघवी तासाला दोनशे. सलाइन थांबवलं, डोकं उंच केलं, ऑक्सिजनची नळी लावली. पहाटेपर्यंत श्वास २० वर आला. डेंग्यूच्या सलाइनच्या ऑर्डरला मुदत हवी: जास्तीत जास्त सहा तास, मग पुन्हा तपासून नवी ऑर्डर. याच रात्री सिंगल डोनरची आणखी ३०० मिलिलिटरची पिशवी चढली असती तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

शनिवारी प्लेटलेट २२ हजार, पण पांढऱ्या पेशी २१०० वरून ३८०० झालेल्या. त्या आधी उठतात, प्लेटलेट मागून येतात. रविवारी ५७ हजार, भूक लागलेली, पॅरासिटामॉलशिवाय दोन दिवस ताप नाही. घरी सोडलं.

आता धोरणाचं. पुरावा सगळ्यांना ठाऊक असूनही पिशव्या का चढतात? डॉक्टर अडाणी आहेत म्हणून नव्हे. पिशवी न चढवता रुग्ण दगावला तर ‘काहीच केलं नाही’ हा आरोप ठरलेला. पिशवी चढवून दगावला तर ‘सगळं केलं’. महाराष्ट्रात रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दीड वाजता कॉरिडॉरमध्ये कायदा नसतो, दहा-बारा माणसं असतात. विम्याचाही वाटा आहे. बहुतेक पॉलिसींना किमान २४ तास भरती लागते, आणि भरतीचं कारण म्हणून प्लेटलेटचा आकडा दाखवणं सोपं. दाबातला फरक क्लेमच्या फॉर्मवर कुठे लिहायचा? एकीकडे घरी राहू शकणारे रुग्ण आकड्यापायी भरती होतात, दुसरीकडे ताप उतरल्यावर पोटदुखी सुरू झालेला माणूस ‘प्लेटलेट नव्वद हजार आहेत, काळजी नाही’ ऐकून घरी जातो. हा दुसरा जास्त धोक्यात असतो.

उपाय महागडे नाहीत. वॉर्डातच हिमॅटोक्रिटचं छोटं सेंट्रिफ्यूज ठेवलं तर बोटाच्या टोकाच्या थेंबभर रक्तावर पाच मिनिटांत आकडा मिळतो, रात्री लॅब उघडायची वाट बघावी लागत नाही. प्लेटलेटच्या मागणीपत्रावर ‘रक्तस्राव : आहे / नाही, कुठून’ हा रकाना सक्तीचा करावा आणि रक्तपेढीने तो कोरा असेल तर फोन करून विचारावं. रुग्णालयाने आपली लेखी पद्धत दर्शनी भागात लावावी. मग नाही म्हणणारा एकटा डॉक्टर नसतो, संस्था असते. अडचणीच्या वेळी हा कागद कायद्यापुढेही आधार देतो.

मोजणीतही गोंधळ आहे. रॅपिड किटवरचा पॉझिटिव्ह सरकारी हिशेबात ‘संशयित’च राहतो, निश्चित धरायला प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी लागते, आणि पाचव्या दिवसानंतर आयजीएम या प्रतिपिंडाची. खासगी लॅबमधला रुग्ण किटवर थांबतो, बरा होऊन जातो आणि नोंदीत पक्का होतच नाही. पक्के रुग्ण कमी म्हणून गल्लीत पथक उशिरा पोचतं. पोचलं तरी बहुतेक वेळा धुराचं मशीन घेऊन. धूर उडते डास मारतो तेही बाहेरचे; डेंग्यूचा डास एडिस घरात, पलंगाखाली, लटकवलेल्या कपड्यांमागे बसतो आणि त्याच्या अळ्या पिंपात असतात. धुराने डेंग्यू कमी होतो असा भक्कम पुरावा नाही. याउलट इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया जिवाणू असलेले डास (अशा डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही) सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुद्दुचेरीतल्या संस्थेनेही तसे डास तयार केले आहेत. पण धूर दिसतो, त्याचा फोटो निघतो.

सोलापूरचं मूळ दुखणं नळाला आहे. उजनी, टाकळी, हिप्परगा असे स्रोत असूनही पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी २०० लिटरची पिंपं. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. चार-पाच दिवसांनी पाणी बदलत असेल तर डास व्हायलाच नको. पण घरात एक पिंप नेहमी राखीव असतं, ‘पाणी नाहीच आलं तर’ म्हणून. वापर पुढच्या पिंपातून, नवं पाणी आलं की राखीव पिंपात वरून भर. ते तळापर्यंत कधीच रिकामं होत नाही. या रुग्णाच्या घरी चार पिंपं होती. वरून बॅटरी मारली तर तीन स्वच्छ, आणि न्हाणीमागच्या चौथ्यात उजेड पडताच अळ्या वळवळत खाली गेल्या.

आरोग्यसेविकेने पिंप ओतायला सांगितलं तेव्हा वहिनींनी अडवलं. “ताई, पाणी परवा येणार. आज ओतून दिलं तर उद्या काय वापरू?” हे बरोबरच होतं. मग पाणी ओतलं नाही. दुहेरी सुती धोतरातून गाळून घागरी, बादल्या भरून घेतल्या. अळ्या फडक्यातच राहिल्या, ते उन्हात वाळत टाकलं. रिकामं पिंप काथ्याने आतून घासलं, पाण्याची रेघ असते तिथे जास्त जोर लावून, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. गाळलेलं पाणी परत भरलं, तोंडाला धोतर ताणून जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलं. पिंपांवर खडूने एक ते चार आकडे घातले: पाणी आलं की राखीवचा मान पुढच्या आकड्याला, आणि आधीचं राखीव त्या दिवशी तळापर्यंत वापरून घासायचं. धोतर बांधताना पट्टी सैल राहिली होती. सेविकेने बोट घालून पाहिलं, बोट गेलं, पुन्हा बांधायला लावली.